बोनकोड्याच्या पांढऱ्या चुली

अजूनही अधूनमधून एखाद्या सोसायटीचा सेक्रेटरी कोटेशनचा कागद घेऊन माझ्याकडे येतो. इमारतीत अ‍ॅस्बेस्टॉस कुठे कुठे आहे हे शोधून देण्याचं काम मी आयुष्यभर केलं, म्हणून निवृत्तीनंतरही लोक विचारायला येतात. प्रश्न एकच असतो. काका, नुसतं बघून सांगायचे एवढे पैसे? मी त्यांना बसवतो आणि समजावतो. इमारत किती जुनी, खोल्या किती, वर पोचायला परांची बांधावी लागेल का, नमुने किती घ्यायचे, ते तपासायला कुठे पाठवायचे, यावर आकडा ठरतो. आणि एक नियम सांगतो. ज्या वस्तूचा नमुना घेतला नाही, तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच धरून चालायचं. हा नियम सांगताना माझा आवाज उतरतो, असं बायको म्हणते. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे जोमा म्हात्रे असतो.

भोपाळ घडलं त्याच्या पुढच्या वर्षी मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत लागलो. मी दूरच्या भूम गावचा. आमच्या घराण्यात शाळेच्या पुढे गेलेला पहिलाच. वडील गावात सांगत, पोराला मुंबईकडं बाटल्या हलवायचं काम मिळालंय, पगार बरा आहे. त्या पट्ट्यात तेव्हा सगळेच घाबरलेले होते. वारा फिरला की कॅन्टीनमधली माणसं घास हातात धरून हवेचा वास घेत. कुठल्याशा कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला की रस्त्यालगतच्या गावांतल्या बायका पोरांना काखोटीला मारून खाडीकडे निघत, आणि थोड्या वेळानं एकमेकींना हसत परत येत. मला नोकरीचा आनंदही होता आणि भीतीही. घरच्या पत्रात मी फक्त आनंद लिहीत असे.

राहायला खोली हवी होती. कॅन्टीनवाल्यानं बोनकोडे गावातल्या जोमा म्हात्रेचं नाव सांगितलं. तो आमच्याच कारखान्यात लॅगर होता. लॅगर म्हणजे वाफेच्या पाइपांवर उष्णता धरून ठेवणारं जाड पांघरूण चढवणारा कामगार. मी त्याला गाठलं तेव्हा तो पाइपाखाली उकिडवा बसून भाकरी खात होता. पन्नाशीचा, बुटका, खांदे दाराएवढे रुंद. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"खोली हाय. भारा एक तारकेला. मासली खातंस ना?"

मी नाही म्हणालो. त्यानं आजारी माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "शिकशील."

तो सगळ्यांनाच 'तू' म्हणे. त्याच्या आगरी बोलीत अहोजाहोला फारशी जागा नव्हती. मॅनेजरसाहेबांनाही तो 'तू' म्हणे. ते मद्रासकडचे असल्यामुळे त्यांना ते कळत नसे, आणि कळणाऱ्यांनी कधी सांगितलं नाही. मी मात्र त्याला जोमादादा आणि तुम्ही म्हणत राहिलो. त्याला त्याची गंमत वाटे. एकदा त्यानं बायकोला हाक मारून सांगितलं, की बघ, आपल्या घरात माझ्याशी नीट बोलणारं कुणीतरी आलं.

कारखाना आला तेव्हा त्याची जमीन गेली होती आणि बदल्यात ही नोकरी मिळाली होती. नेमकं बॉयलर हाऊस जिथं उभं राहिलं तिथं त्याच्या बापाचं खळं होतं. म्हणून बॉयलर हाऊसच्या दाराशी तो बूट काढी, आत अनवाणी एक पाऊल टाकी, आणि मग तिथंच उंबऱ्यावर बसून पुन्हा बूट चढवी. सेफ्टीवाल्यानं पुष्कळदा हटकलं. जोमादादा शांतपणे सांगे, खळ्यात पायताण घालून कोण जातं? आणि दुसऱ्या दिवशी तेच करी.

कामाच्या बाबतीत त्याला गर्व होता, आणि तो लपवावा असं त्याला कधी वाटलं नाही. गोणीतून पांढरी भुकटी यायची. ती अर्ध्या कापलेल्या पिंपात ओतून, पाणी घालून, तो पायांनी तुडवी, जसं भाताचं खाचर तुडवतात. मग तो लगदा दोन्ही हातांनी गरम पाइपावर थापत जायचा, वर कोंबड्यांची जाळी, पुन्हा एक थर, आणि शेवटी ओल्या तळहाताचा एक लांब हात. कामगार तिला पांढरी माती म्हणत. ती अ‍ॅस्बेस्टॉस आहे हे त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्या शब्दाचा अर्थ तेव्हा तिथं कुणाला लागला असता असं मला वाटत नाही. जोमादादा चालता चालता पाइपावर हाताची मागची बाजू टेकवी आणि पुढे जाई. आईनं लेकराचा ताप बघावा तसं ते दिसे.

त्याच्या घरातली चूलही त्याच मातीची होती. मी राहायला आलो त्याच दिवशी त्याच्या बायकोनं, चांगुणाबाईनं, ती मला कौतुकानं दाखवली. पांढरी, गुळगुळीत, काठ गोल वळवलेले. "बारा पावसाले झाले, तरकली नाय," ती म्हणाली. कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत रोज संध्याकाळी पिंपात थोडा लगदा उरायचा. सकाळपर्यंत त्याचा दगड झाला असता. जोमादादाच्या हातून वस्तू वाया जात नसे. तो ते उरलेलं घमेल्यात भरून डोक्यावर गावात आणी आणि कुणाच्या ना कुणाच्या घरी चूल घालून देई. पैसे घेत नसे. नवी चूल घातली की घरची बाई तिला हळदकुंकू वाही आणि चूल घालणाऱ्याच्या हातात एक नारळ आणि पसाभर तांदूळ ठेवी, तेवढं तो घेई. गावात 'जोमाची चूल' हा शब्दच पडला होता. मुलगी द्यायची तर मुलीची आई आधी विचारी, घरात जोमाची चूल आहे का? स्वतःची मुलगी, सुमन, सारसोळ्याला दिली तेव्हा लग्नाआधी आठ दिवस तो तिथं जाऊन तिच्या सासरी चूल घालून आला होता. हे सगळं मला जेवताना तुकड्यातुकड्यांनी कळलं. मी त्याच चुलीवरचं जेवत होतो.

मी लागल्यावर काही महिन्यांनी परदेशातल्या मूळ कंपनीचं पत्र आलं. कारखान्याच्या सगळ्या इमारतींमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कुठे आहे आणि कोणत्या स्थितीत आहे, याची यादी हवी होती. मुंबईहून एक सल्लागार आले. सफारी सूट, हातात चामडी बॅग, बोलणं सावकाश. त्यांनी दोन दिवस फिरून कोटेशन दिलं. ते वाचून मॅनेजरसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एका नमुन्याच्या तपासणीला माझा आठ दिवसांचा पगार लागणार होता, आणि नमुने शेकड्यांनी घ्यायचे होते. शिवाय उंचावर जायला परांची, शिवाय त्या वेळी प्लांट बंद ठेवण्याचं नुकसान. सल्लागारांनी समजावलं, की ड्रॉइंगवर भरवसा नाही, माल कुठे आहे ते माहीत नाही, म्हणून सगळीकडे नमुने घ्यावे लागतात. माहीत असतं तर निम्म्यात झालं असतं.

तेव्हा इंजिनीअरनं जोमादादाचं नाव सांगितलं.

त्या दिवसापासून सर्व्हे स्वस्त झाला. जोमादादा पुढे, त्याच्या मागे सल्लागार, आणि नमुन्यांच्या बाटल्या घेऊन मी. तो ड्रॉइंगकडे बघतसुद्धा नसे. अंगठ्यानं दाखवत जाई. इथं आहे. इथं नाही, इथं काचेची रुई आहे. या भिंतीत आहे, वरून प्लायवूड मारलंय. सल्लागारांना विश्वास बसेना. तो नाही म्हणाला होता अशा तीन ठिकाणचे नमुने त्यांनी मुद्दाम पाठवले. अहवाल आले, तिन्ही ठिकाणी नव्हतं. सल्लागारांनी त्याला विचारलं, इतकी वर्षं झाली, तुमच्या कसं लक्षात राहतं? त्याला प्रश्नच समजला नाही.

"माज्या हातानं लावलाय. माना नाय म्हाईत त कोनाला म्हाईत?"

मला मात्र त्या दिवसांत नीट झोप लागत नव्हती. सल्लागारांनी मला एक इंग्रजी पुस्तिका दिली होती. ती मी शब्दकोश घेऊन वाचत होतो. त्यात लिहिलं होतं, की ही भुकटी डोळ्यांना दिसणार नाही इतक्या बारीक सुया होऊन हवेत तरंगते, श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसते, आणि वीस-तीस वर्षं काहीच सांगत नाही. मग सांगते. मला वीस-तीस वर्षं या शब्दांची भीती वाटली. ताप आला तर माणूस औषध घेतो. काहीच होत नाही म्हणून कुणी कुणाकडे जात नाही. नमुना घेताना मी तोंडावर मास्क बांधी, जागा ओली करी, आणि तरीही श्वास रोखून धरी. जोमादादा उघड्या तोंडानं माझ्या शेजारी उभा राही.

"श्वास काय भार्‍यानं आनलास का रं? घे ना."

मी त्याला विचारलं, की लॅगर किती जण होता तुम्ही?

"पाच. दोन गेले."

"कशानं?"

"टीबी."

दोघांनाही टीबीच का, असं मी विचारलं नाही. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्याला काहीतरी उमगलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानंच ती पुस्तिका मागितली आणि वाचून दाखव म्हणाला. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. तो भाकरी खात ऐकत होता. कामगारांच्या कपड्यांवरून ही धूळ घरी जाते, या वाक्याला त्यानं मान हलवली. पुढचं वाक्य असं होतं, की रिकाम्या गोण्या आणि उरलेला माल कधीही घरी वापरू नये, विशेषतः जिथे तो झिजेल, खरवडला जाईल किंवा तापेल.

"पुन्ना वाच," तो म्हणाला.

मी पुन्हा वाचलं. त्यानं हातातली भाकरी फडक्यात गुंडाळली, गाठ मारली आणि उठून गेला. दुपारभर त्यानं एकही जागा अंगठ्यानं दाखवली नाही. सल्लागार विचारत, तो नुसता हो किंवा नाही म्हणे.

संध्याकाळी घरी तो ओट्यावर बसून होता. आत चांगुणाबाई चुलीपुढे बसून गोणपाटाच्या तुकड्यानं तवा धरत होती. ते गोणपाट कुठलं हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. त्यानं मला शेजारी बसायला सांगितलं आणि हळू आवाजात विचारलं,

"आमच्या गावाची तपासनी कराला किती परतील?"

मी वहीत आकडे मांडले. किती घरांत चूल घातली हे त्याला नक्की सांगता येईना. त्यानं घातलेल्या आठवत होत्या, पण बायकांनी एकमेकींत लगदा वाटून घेतला होता, जुन्या चुलीचे तुकडे भिजवून नव्या घातल्या होत्या. म्हणजे प्रत्येक घर तपासायला हवं. घरटी एक नमुना धरला तरी आकडा त्याच्या चार वर्षांच्या पगारापलीकडे जात होता. मी वही त्याच्याकडे केली. त्याला वाचता येत नव्हतं, पण आकड्याची लांबी त्याला दिसली.

मी दुसऱ्या दिवशी धीर करून मॅनेजरसाहेबांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, दार लोटलं, आणि म्हणाले, की सर्व्हे कारखान्याच्या इमारतींचा आहे, कुंपणापलीकडचं आपल्या कामात येत नाही. ही गोष्ट लिहून काढू नकोस. एकदा कुंपण ओलांडलं की खर्चाला अंत नाही. बोलताना ते माझ्याकडे न बघता खिडकीतून पलीकडच्या गावाकडे बघत होते. घाबरलेला माणूस मी ओळखतो.

हे मी जोमादादाला सांगितलं. मग त्यानं विचारलं, की तो सफारीवाला सारखा काय म्हणत असतो, नमुना नाही घेतला तर काय करायचं?

"आहे असंच धरायचं," मी म्हणालो.

"मंग सगल्याच धर."

इतकंच. चार वर्षांच्या पगाराचा सर्व्हे त्यानं एका वाक्यात करून टाकला. पुढचं काम मात्र त्यालाच करायचं होतं. पुस्तिकेत उपाय दिला होता. जी वस्तू धड आहे तिला हात लावू नये, वरून थर देऊन झाकावी. जी भुसभुशीत झाली आहे तीच काढावी, पण कोरडी कधीही नाही, भिजवून, आणि खोल पुरावी. म्हणजे धड चुलींवर मातीशेणाचा जाड थर दिला की भागणार होतं. सुटत चाललेल्या चुली मात्र फोडाव्या लागणार होत्या.

आणि चूल कुणी फोडत नाही. आमच्याकडेही नाही, त्यांच्याकडेही नाही. भाऊ वेगळे झाले की चूल मोडते, घर बसलं की मोडते. भरल्या घरात जाऊन बाईला तिची चालती चूल फोड म्हणणं म्हणजे तिच्या तोंडावर वाईट बोलणं. तेही ज्यानं ती घालून दिली, हळदकुंकवाचा नारळ घेतला, त्यानं. जोमादादाला भीती वाटत होती ती याची. लोक आजाराला घाबरणार नाहीत, कारण आजार दिसत नव्हता. ते त्याला घाबरतील, त्याच्या तोंडून बाहेर पडणाऱ्या शब्दांना घाबरतील, आणि दार लावून घेतील, हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि न सांगावं तर त्या चुलींपुढे रोज दोन वेळा बायका बसणार होत्या.

त्यानं पहिल्यांदा स्वतःची चूल घेतली. मी सांगितलं, की तुमची धड आहे, नुसती लिंपली तरी चालेल.

"माजी फोरल्याशिवाय दुसर्‍याला कशी सांगू?"

चांगुणाबाई दारात उभी राहिली होती. तिला काय चाललंय ते कुणी धड सांगितलंच नव्हतं. तिनं त्याला विचारलं, "माजी पोरं वेगली झाली, का मी मेली? चूल कशाला फोरतंस?" त्यानं तिला हाताला धरून अंगणात नेऊन बसवलं, चुलीवर पाण्याच्या घागरी ओतल्या, ओली फडकी टाकली, आणि पहार घातली. ती चूल सहज फुटली नाही. इतकी चांगली घातली होती.

त्यानंतर दर सुट्टीला तो घरोघर गेला. मी डासांच्या औषधाचा पंप धुऊन त्यात पाणी भरून मागे जाई. तो दारात उभा राही, आत जात नसे, आणि प्रत्येक घरी त्याच शब्दांत सांगे, की ही माती वाईट आहे, मी दिली, मला माहीत नव्हतं. काहींनी ऐकलं. काहींनी विचारलं, इतक्या वर्षांत काय झालं? याचं पुस्तिकेतलं उत्तर मला ठाऊक होतं, पण ते सांगायची हिंमत होत नव्हती. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, कंपनीनं याला किती दिले? एक म्हातारी बाहेर आली, तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "देताना नारल घेतलास, आता भीती देवाला आलास." आणि दार लावलं. पुढच्या रविवारी पुन्हा तिच्याच दाराशी गेला. चौथ्या खेपेला तिनं चूल लिंपू दिली, पण पाणीसुद्धा विचारलं नाही. काही दारं शेवटपर्यंत उघडली नाहीत. ती घरं मला अजून ओळीनं आठवतात.

गेलेल्या दोन लॅगरांच्या विधवांकडे तो एकटाच गेला. मला नको म्हणाला. तिथं काय बोलणं झालं ते मी कधी विचारलं नाही.

गावातलं काम होत आलं आणि मला एक गोष्ट खटकायला लागली. सारसोळ्याचं नाव तो काढत नव्हता. मी एकदा आठवण दिली, तर माझ्यावर पहिल्यांदाच भडकला. ते घर माझं नाही, म्हणाला. मुलीच्या सासरी बाप जेवायलाही अवघडतो. तिथं जाऊन तिची चूल फोडायची, तर उद्या तिला काय काय ऐकावं लागेल, हे त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. आणि आणखी एक गोष्ट होती. इतरांच्या घरी त्याला फक्त चूक कबूल करायची होती. तिथं, आपल्याच लेकीच्या घरात त्या चुलीनं काय केलंय, हे त्याला कळून घ्यावं लागणार होतं.

शिमग्याला सुमन माहेरी आली. दोन-अडीच वर्षांचा मुलगा कडेवर. हसतमुख पोरगी, बापासारखी रुंद. ती आईला स्वयंपाकघरातल्या नव्या चुलीवरून चिडवत होती, की ही कसली काळी चूल घातलीस, माझी बघ अजून कशी पांढरी आहे. मग सहज म्हणाली, काठ तेवढा गेलाय, या चोरानं खाल्लाय. चमचा घेऊन खरवडतो आणि तोंडात टाकतो. सासू म्हणते, माती खाणारं पोर अंगानं भरतं.

चांगुणाबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. जोमादादा जेवत होता. त्यानं ताटाला हात जोडले आणि उठला. मला म्हणाला, "उद्या."

दुसरा दिवस रविवारचा होता, आणि बोनकोड्यातला माझा शेवटचा रविवार. कारखान्याचा सर्व्हे पूर्ण झाला होता. इतक्या कमी खर्चात असा सर्व्हे कुठेच झाला नाही, म्हणून मूळ कंपनीनं शाबासकी दिली होती आणि तेच काम करायला मला गुजरातच्या प्लांटवर पाठवत होते. जोमादादाच्या नावाचा अहवालात उल्लेख नव्हता. त्याला मी तो वाचून दाखवला होता. त्यानं फक्त विचारलं होतं, बरोबर लिहिलंय ना सगळं?

सारसोळ्याला आम्ही सकाळी पोचलो. त्यानं वाटेत वाशीला एक नवा रॉकेलचा स्टोव्ह विकत घेतला होता. मी प्रयोगशाळेतून दोन मास्क आणले होते. सुमनही मुलाला घेऊन आमच्याबरोबर आली. तिला सगळं कळलं होतं. मुलाचं तोंड ती वाटभर पदरानं पुन्हा पुन्हा पुसत होती.

तिची सासू जाळं दुरुस्त करत दारात बसली होती. ऐकून घेतल्यावर तिनं सुतळी खाली ठेवली आणि व्याह्याकडे पाहिलं.

"याही, पोरीच्या घरची चूल फोराला आलास?"

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मी त्याला कुणापुढे टोपी काढताना पाहिलं नव्हतं. "मीच लावली, मीच चुकलू," तो म्हणाला. "माना काराला दे."

"आनि आमी खावाचा काय?"

त्यानं स्टोव्ह तिच्यापुढे ठेवला. ती स्टोव्हकडे बघत राहिली, मग सुमनकडे, मग त्या पोराकडे. पोर आजीची सुतळी ओढत होतं. तिनं त्याला उचलून छातीशी धरलं आणि वाट सोडली.

आत चुलीचा एक काठ खरोखरच चमच्याएवढ्या खोबणींनी भरला होता. जोमादादानं त्या खोबणींवरून बोट फिरवलं नाही. नुसतं बघितलं. मग त्यानं घरातल्या सगळ्यांना पार बांधापर्यंत पाठवलं. एक मास्क मला लावायला लावला. दुसरा त्यानं बांधाकडे निघालेल्या सुमनच्या हातात दिला, आणि ती नको म्हणत असताना स्वतःच तिच्या तोंडावर बांधला. स्वतः ओलं फडकं गुंडाळलं. मी पंपानं पाणी मारत होतो, तो पहारीनं एकेक तुकडा सोडवून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवत होता. फेकत नव्हता, ठेवत होता. चूल निघाल्यावर त्यानं जमीन तीनदा पुसली, ती फडकीही पिशवीत घातली. मागच्या बाजूला, भरतीचं पाणी पोचणार नाही अशा जागी, त्यानं कमरेएवढा खड्डा खणला. मी हात लावायला गेलो, तर लांब हो म्हणाला. पिशव्या पुरून, वर दगड ठेवून तो सरळ खाडीत उतरला, कपड्यांसकट.

भरती लागली होती. तो छातीएवढ्या पाण्यात उभा राहून डोकं, कान, नाक, बोटं चोळत होता. सदरा काढून पिळला, परत बुचकळला. बांधावर सगळं घर उभं होतं. नातू आजीच्या हातातून सुटून काठापर्यंत गेला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला, घे म्हणून.

जोमादादा पाण्यातून वर आला. पोरापासून चार हातांवर थांबला. स्वतःचे तळहात उलटेसुलटे करून पाहिले, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं, नखांत पाहिलं.

"थांब," तो म्हणाला. "अजून नाय."

आणि वळून परत पाण्यात गेला. पुन्हा आला, पुन्हा त्याच अंतरावर थांबला, हातांकडे पाहिलं आणि पुन्हा वळला. मला बस गाठायची होती. सुमनच्या सासूनं मला निघायला सांगितलं. मी बांधावरून वळून पाहिलं तेव्हा तो पुन्हा गळ्याएवढ्या पाण्यात होता, आणि पोराचे हात अजून वरच होते.